२०२२ मध्ये निधन झालेल्या मान्यवरांचा फलक कोल्हापुरातील वाचनालयात लावायचा आहे. यादी कशी तपासावी?

नावे सहज मिळतील, चुका तारखांत होतात. बातमी छापल्याची तारीख ही निधनाची तारीख नव्हे; ती बहुतेकदा एक दिवस पुढची असते. म्हणून मजकुरातला वार पाहा, तो दिनदर्शिकेशी जुळवा आणि किमान दोन वृत्तपत्रे ताडून बघा. पहिल्या रात्रीच्या बातमीवर तर अजिबात विसंबू नका. विक्रम गोखले गेल्याची बातमी आधीच पसरली, कुटुंबीयांना ती नाकारावी लागली. निधन झाले २६ नोव्हेंबरला.

नामसाधर्म्यही नडते. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण १० डिसेंबर २०२२ ला गेल्या. अभिनेत्री सुलोचनादीदी (लाटकर) मात्र ४ जून २०२३ ला, म्हणजे त्या या फलकावर येत नाहीत. दोघींचे फोटो हमखास अदलाबदल होतात, तेवढे बघाच.

कोल्हापूरसाठी पहिले नाव प्रा. एन. डी. पाटील: १७ जानेवारी, निधन इथेच. टोलविरोधी आंदोलनातल्या त्यांच्या नेतृत्वाची एक ओळ हवीच, नुसते 'ज्येष्ठ नेते' लिहून भागणार नाही. मग सिंधुताई सपकाळ (४ जानेवारी), रमेश देव (२ फेब्रुवारी), लता मंगेशकर (६ फेब्रुवारी).

राजर्षी शाहूंचे नाव या यादीत घालू नका. ६ मे २०२२ ही त्यांची शंभरावी पुण्यतिथी होती. त्यासाठी वेगळी चौकट करा.

तीन बाय दोन फुटांच्या फलकावर बारापेक्षा जास्त फोटो नकोत. व्हॉट्सअॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणूनच मागवा, नाहीतर छपाईत चेहरे फुटतात.