ब्रेकपॉइंट लागतो, पण प्रोग्राम थांबत नाही

प्रश्न: आमच्या कारखान्यातल्या यंत्रमागांच्या उत्पादनाचा हिशेब ठेवणारा सी भाषेतला प्रोग्राम मी सांभाळतो. प्रत्येक मागाची फाइल वाचायला तो फोर्क करून वेगळी प्रोसेस काढतो. काही चादरींचं वजन चुकीचं येतंय, म्हणून जीडीबी या डीबगरमध्ये (चुका शोधायच्या साधनात) 'वजन_काढ' या फंक्शनवर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवायची खूण, लावला. लागल्याचं उत्तरही आलं. 'मेन'वर प्रोग्राम थांबतो, इथे मात्र थांबत नाही. मधे 'डिटॅचिंग आफ्टर फोर्क फ्रॉम चाइल्ड प्रोसेस' अशा ओळी येतात आणि प्रोग्राम संपतो. डीबगची माहिती ठेवणारा '-जी' पर्याय देऊन, ऑप्टिमायझेशन बंद करून पुन्हा कंपाइल केलं, तरी तेच.
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर: ती 'डिटॅचिंग'ची ओळ तुम्ही जशीच्या तशी उतरवून पाठवलीत, याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक पत्रांत 'चालत नाही' एवढंच असतं. तुमचं उत्तर त्याच ओळीत आहे.

ब्रेकपॉइंट आपण ओळीवर लावतो, पण तो बसतो चालू प्रोसेसच्या मेमरीत. इंटेलच्या प्रोसेसरवर जीडीबी त्या जागेच्या सूचनेचा पहिला बाइट काढून ठेवतो आणि तिथे २०४ हा बाइट लिहितो. प्रोसेसर तिथे पोचला की ट्रॅप होतो, म्हणजे काम अडून ताबा कर्नलकडे जातो, कर्नल ते जीडीबीला कळवतं आणि प्रोग्राम थांबतो. आता फोर्क झालं की चाइल्डला, म्हणजे नव्या प्रोसेसला, मेमरीची हुबेहूब प्रत मिळते, हा बदललेला बाइटही त्यात आलाच. जीडीबी मात्र सांगितलं नसेल तर पॅरेंटबरोबरच, म्हणजे मूळ प्रोसेसबरोबरच, राहतो. चाइल्डला तसंच सोडलं असतं, तर त्या बाइटवर येताच ते सिगट्रॅपने (ट्रॅप झाल्यावर कर्नल पाठवतं त्या सिग्नलने) मेलं असतं. म्हणून सोडण्याआधी जीडीबी त्याच्यातले ब्रेकपॉइंट पुसतो. तुमचं 'वजन_काढ' चालतं फक्त चाइल्डमध्ये, तिथे थांबवायला काहीच उरलेलं नसतं. 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' देऊन बघा: 'मेन'पुढे 'ऑलरेडी हिट' दिसेल, दुसऱ्यापुढे नाही.

'मेन'वर थांबलेले असतानाच 'सेट फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड' द्या, मग 'कंटिन्यू'. आता जीडीबी चाइल्डबरोबर जाईल आणि पॅरेंट मोकळा सुटेल. तो पहिल्याच चाइल्डला धरतो, म्हणून ज्या मागाचं वजन चुकतंय त्याची एकच फाइल प्रोग्रामला द्या. माझ्या मते तुमच्यासाठी हाच मार्ग चांगला.

दोन्ही प्रोसेस हातात हव्या असतील तर 'सेट डिटॅच-ऑन-फोर्क ऑफ' आहे. पण त्यात एका वेळी एकच प्रोसेस पुढे सरकते. पॅरेंट चाइल्डच्या संपण्याची वाट बघत असेल आणि चाइल्ड थांबवून ठेवलेलं असेल, तर सगळं अडकल्यासारखं वाटतं. तेव्हा 'सेट शेड्यूल-मल्टिपल ऑन' द्या, म्हणजे दोन्ही प्रोसेस एकत्र पुढे सरकतील. 'इन्फो इन्फिरियर्स'ने जीडीबीच्या ताब्यातल्या प्रोसेस (त्यांना तो इन्फिरियर म्हणतो) दिसतात.

आणि कृपा करून, चूक सापडेपर्यंत बेरजेत हाताने दुरुस्ती करू नका. त्या आकड्यावर कुणाचा तरी सुताचा हिशेब उभा असतो.

प्रश्न: माझं फंक्शन प्रोग्राम चालू झाल्यावर लोड होणाऱ्या लायब्ररीत आहे. हाताने ब्रेकपॉइंट लावला तर थांबतो, पण त्याच आज्ञा फाइलीत लिहून चालवल्या तर नाही.
— एक विद्यार्थिनी, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर: लायब्ररी अजून आलेली नसल्यामुळे जीडीबी विचारतो, ब्रेकपॉइंट पेंडिंग, म्हणजे लायब्ररी येईपर्यंत राखून, ठेवू का? हाताने लावताना तुम्ही 'वाय' म्हणता. आज्ञा फाइलीतून आल्या की विचारायला समोर कुणी नसतं, तेव्हा तो स्वतःच 'नाही' धरतो आणि ब्रेकपॉइंट तयारच होत नाही. फाइलीच्या पहिल्या ओळीत 'सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन' लिहा. लायब्ररी लोड झाल्यावरही तो पेंडिंगच दिसला, तर फंक्शनचं नाव तपासा, नाहीतर लायब्ररीतली नावं 'स्ट्रिप' या आज्ञेने काढून टाकली आहेत का ते बघा.