शेअर्ड स्टोरेज पहिल्यांदाच लावताय ना? एवढं सांभाळा
घाबरू नका, जमेल. शेअर्ड स्टोरेज म्हणजे अनेक होस्टनी (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारे सर्व्हर) मिळून वापरायची एकच साठवण. दोन-तीन होस्ट असतील तर सुरुवात एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल्स शेअर करायची पद्धत) करा, आयएससीएसआय (नेटवर्कवरून अख्खी डिस्क द्यायची पद्धत) नंतर बघू. स्टोरेजचं नेटवर्क मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा आणि वाटा दोन हव्यात, वेगवेगळ्या स्विचमधून, एकाच स्विचमध्ये दोन केबल खोचून स्विच गेल्यावर काही वाचत नाही.

नवीन लोकांचं हमखास चुकतं ते इथे:

- एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० करायचा तर होस्ट, स्विच, स्टोरेज तिन्हीकडे. एक जरी राहिलं की साधा पिंग (छोटं चाचणी पॅकेट) जातो पण मोठी फाइल अडकते, मी यात अख्खी रात्र घालवलीय. ८९७२ बाइटचा पिंग फ्रॅगमेंट न करता (तुकडे न पाडता) मारून बघा.
- थिन डिस्क (लागेल तशीच जागा घेणारी व्हीएमची डिस्क) वाटताना १ टीबीवर ३ टीबी सहज देता येतात, खरंच भरलं की व्हीएम अडकतात. ८० टक्क्यांवर अलर्ट लावा.

आणि स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे हो, तो त्याच स्टोरेजवर असतो!