होमबिल्डरसारखं अनुदान पुन्हा हवं का? सरसकट तर नकोच

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ऑस्ट्रेलियात सरकारने २०२० च्या होमबिल्डर योजनेसारखं घरबांधणीचं आणि नूतनीकरणाचं अनुदान पुन्हा सुरू करावं का, ही पहिली. आणि मेलबर्नच्या फुटस्क्रेतल्या तुमच्या जुन्या वेदरबोर्ड (लाकडी फळ्यांच्या) घराचं काम त्या आशेवर थांबवून ठेवावं का, ही दुसरी. दोन्हींना माझं उत्तर 'नाही' असंच आहे. पण या चर्चेत वर अनेकांनी लिहिलंय की आमच्याच कराचे पैसे आम्हाला परत मिळतात, त्यात बिघडलं काय? हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत घरांची अंदाजपत्रकं करणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. अनुदान जाहीर झालं की दरपत्रकांवर त्याचा काय परिणाम होतो, ते मी जवळून पाहिलं आहे.

आधी होमबिल्डर नेमकी काय होती ते सांगतो, कारण वरच्या प्रतिसादांत बरीच सरमिसळ झाली आहे. केंद्रातल्या मॉरिसन सरकारने ४ जून २०२० रोजी ती जाहीर केली. स्वतः राहण्यासाठी नवीन घर बांधणाऱ्याला किंवा मोठं नूतनीकरण करणाऱ्याला २५,००० डॉलर मिळणार होते. उत्पन्नाची मर्यादा एकट्या अर्जदाराला वर्षाला १,२५,००० आणि जोडप्याला २,००,००० डॉलर. नव्या घराची जमिनीसह किंमत ७,५०,००० च्या आत हवी. नूतनीकरणाचा करार किमान १,५०,००० चा हवा आणि काम सुरू होण्याआधी घराची किंमत १५ लाखांपेक्षा जास्त नको. पोहण्याचा तलाव, टेनिस कोर्ट, घरापासून वेगळी शेड यांना पैसे नाहीत. २९ नोव्हेंबर २०२० ला मुदत ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढवली. नव्या मुदतीतल्या करारांसाठी रक्कम १५,००० वर आणली, पण त्याच वेळी नव्या घराच्या किमतीची मर्यादा न्यू साउथ वेल्समध्ये ९,५०,००० आणि आपल्या व्हिक्टोरिया राज्यात ८,५०,००० केली.

सरकारचा सुरुवातीचा अंदाज होता २७,००० अनुदानांचा आणि ६८ कोटी ८० लाख डॉलर खर्चाचा. प्रत्यक्षात अर्ज आले १,३७,००० च्या वर आणि खर्च गेला २०० कोटींच्या पलीकडे. समर्थक याला यश म्हणतात. मला त्यात अंदाज पाचपट चुकलेला दिसतो.

तरीही २०२० च्या जूनमध्ये ही योजना आणणं मला चुकीचं वाटत नाही. त्या महिन्यांत नवे करार येणं जवळपास थांबलं होतं. हातातली कामं संपली की वर्षअखेरीस सुतार, गवंडी, प्लंबर घरी बसणार अशी भीती या धंद्यात प्रत्येकाला होती. सीमा बंद, स्थलांतर बंद, त्यामुळे नव्या घरांना गिऱ्हाईक कुठून येणार हे कोणी सांगू शकत नव्हतं. हात रिकामे असताना सरकारने पैसे घातले तर त्या पैशांतून खरोखर घरं उभी राहतात. बेकारीतला ट्रेडी (कारागीर) पुन्हा कामाला लागतो आणि भाव फारसे चढत नाहीत. अनुदानाला अर्थ आहे तो अशाच परिस्थितीत.

फसलं ते नोव्हेंबरात. तोपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदर ०.१० टक्क्यावर आला होता. तेवढ्यानेच लोक घरासाठी बाहेर पडू लागले होते आणि बांधकाम परवानग्यांचे आकडे वेगाने चढत होते. रुग्ण उठून चालायला लागल्यावर औषधाचा आणखी एक डोस द्यावा, तशी ती मुदतवाढ होती. सगळ्या देशाने एकाच वेळी घराच्या सांगाड्याचं (फ्रेमचं) लाकूड मागितलं, जगभरातून येणारा माल आधीच रखडलेला होता, आणि बाहेरून कामगार यायला सीमा उघड्या नव्हत्या. करारानंतर तीन महिन्यांत काम सुरू करा अशी मूळ अट होती. ती आधी सहा महिने आणि मग अठरा महिने करावी लागली. उद्योगाला पेलण्यापेक्षा जास्त काम आलंय, याची कबुली त्या एका बदलातच आहे.

इथे कोणी म्हणेल, भाव तर जगभर वाढले, अनुदानाला कशाला दोष देता? मान्य आहे. लाकूड, स्टील, वाहतूक सगळंच महागलं होतं. सप्टेंबर २०२२ पर्यंतच्या वर्षात महागाई निर्देशांकातली नव्या घरांची किंमत २० टक्क्यांहून जास्त वाढली. पण हा आकडा वापरताना एक मेख ध्यानात ठेवा. सांख्यिकी विभाग ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम मोजतो, म्हणजे अनुदान वजा करून. त्यामुळे अनुदानं वाटली जात होती तेव्हा निर्देशांक दबलेला दिसला आणि ती आटली तसा तो उसळला. या २० टक्क्यांतला थोडा भाग हिशोबाच्या पद्धतीचा आहे. अनुदानाने किती टक्के भाववाढ झाली असा एकच आकडा कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विसंबू नका. मी काय पाहिलं एवढंच सांगतो: जो ब्रिकलेअर (विटांचा गवंडी) एरवी ठरलेल्या दराने यायला तयार असायचा, तो पुढच्या तिमाहीत दर वाढवूनही वेळ देत नव्हता. मुदत जवळ आली तशी गिऱ्हाइकं भाव करेनाशी झाली. पंचवीस हजार हातचे जातील या धास्तीने लोक साइट कॉस्टचा (जागेनुसार वाढणाऱ्या खर्चाचा) कागद न वाचता सही करत होते. टार्निट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या पश्चिमेकडच्या भागांत आपली माणसं बरीच आहेत, आणि तिथे सह्यांची ही घाई मला फार दिसली.

सहीची तारीख सरकारने ठरवली की घासाघीस करण्याची ताकद खरेदीदाराकडून बिल्डरकडे आणि जमीन विकणाऱ्याकडे जाते. माझा मुख्य आक्षेप हा आहे. अनुदानाचा चेक तुमच्या नावावर निघतो, पण त्यातला किती भाग तुमच्याकडे उरेल हे तुमच्या इस्टेटमध्ये (नव्या वसाहतीत) किती प्लॉट शिल्लक आहेत आणि किती ट्रेडी मोकळे आहेत यावर ठरतं. दोन्ही टंचाईत असले तर अनुदान किमतीत मिसळून जातं. मग अनुदान न मिळालेल्या शेजाऱ्यालाही तीच वाढलेली किंमत मोजावी लागते.

आणि बिल्डरचं तरी भलं झालं का? मोठ्या संख्येने फिक्स्ड प्राइस करार घेतलेल्या कंपन्यांचा खर्च नंतर वाढत गेला आणि किंमत मात्र कागदावर गोठलेली राहिली. मार्च २०२३ च्या अखेरीस पोर्टर डेव्हिस ही घरबांधणी कंपनी बुडाली, तेव्हा व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलंडमधली सुमारे १,७०० घरं अर्धवट राहिली. त्यात सगळ्यात विदारक गोष्ट म्हणजे अनेक ग्राहकांचं डिपॉझिट घेतलं गेलं होतं, पण कायद्याने बंधनकारक असलेला घरबांधणी विमा त्यांच्या नावे काढलाच नव्हता. शेवटी व्हिक्टोरियाच्या सरकारला त्या डिपॉझिटची भरपाई करावी लागली. एकट्या होमबिल्डरमुळे कंपन्या बुडाल्या असं मी म्हणत नाही, मे २०२२ पासून चढलेले व्याजदरही होते. पण एकदम गर्दी करवून घेणारी योजना आणि गोठलेल्या किमतींचे करार यांचं जमत नाही.

आता 'आमच्या कराचा पैसा' या मुद्द्याकडे येतो. हा पैसा सगळ्यांच्या कराचा होता, मिळाला मात्र थोड्यांना. नूतनीकरणाची किमान रक्कम दीड लाख ठेवल्यावर ज्याचं फक्त बाथरूम गळतंय, ज्याच्या म्हाताऱ्या आईला रॅम्प हवाय, तो बाहेरच. भाड्याच्याच घरात राहणारा तर पूर्णच बाहेर. ग्रॅटन इन्स्टिट्यूटसारख्या धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था तेव्हाच म्हणत होत्या की यातली बरीच घरं अनुदान नसतं तरी बांधली गेली असती, आणि हाच पैसा सामाजिक घरांत (गरजूंना कमी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांत) घाला. शिवाय अर्जदार ऑस्ट्रेलियन नागरिकच हवा, पर्मनंट रेसिडेंट (पीआर) चालणार नाही, अशी अट होती. याचा चटका आपल्या समाजाला चांगलाच बसला. नागरिकत्व घ्यायचं तर भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, त्यामुळे आपल्यातली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं पीआरवरच राहतात. कर तोच, इस्टेट तीच, बिल्डर तोच, वाढलेला भावही तोच. अनुदान तेवढं नाही. पहिलं घर घेणाऱ्यांना राज्यांकडून मिळणाऱ्या फर्स्ट होम ओनर ग्रँटमध्ये अशी अट नाही, तिथे अर्जदारांपैकी एक जण पीआर असला तरी चालतं. त्यामुळे वर एका सदस्यांनी 'पीआरवाल्यांना काहीच मिळत नाही' असं लिहिलं आहे, ते दुरुस्त करून घ्यावं.

ही फर्स्ट होम ओनर ग्रँट म्हणजे या वादातली जुनीजाणती मंडळी. जुलै २००० मध्ये जीएसटी आला, त्याची झळ भरून काढायला हॉवर्ड सरकारने ७,००० डॉलरने ती सुरू केली. ऑक्टोबर २००८ च्या आर्थिक संकटात रड सरकारने जुन्या घराला १४,००० आणि नव्याला २१,००० केली. जुन्या घरावर दिलेली वाढ मला कधीच पटली नाही. घर आहे तेवढंच, वर बोली लावायला प्रत्येकाच्या हातात ज्यादा पैसे! पुढे राज्यांनी ती नव्या घरांपुरती ठेवली हे योग्य झालं. आज व्हिक्टोरियात ती १०,००० आहे. क्वीन्सलंडने नोव्हेंबर २०२३ पासून ३०,००० केली.

नूतनीकरणाच्या बाबतीत घाईचे परिणाम याहून कडू आहेत. २००९ मध्ये रड सरकारनेच छतांना इन्सुलेशन (थंडी-उष्णता अडवणारा थर) बसवायची योजना आणली. कल्पना उत्तम होती. मेलबर्नच्या हिवाळ्यात ज्यांनी जुन्या भाड्याच्या घरात दिवस काढलेत त्यांना ती पटवून द्यावी लागणार नाही. दहा लाखांहून जास्त घरांत कामं झाली. पण इतक्या वेगाने पैसा ओतल्यावर अननुभवी माणसं पोटमाळ्यांत शिरली, देखरेख तोकडी पडली आणि चार तरुण कामगार जीव गमावून बसले. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद झाली आणि २०१४ मध्ये इयन हँगर यांच्या रॉयल कमिशनने तिची चौकशी केली. 'नूतनीकरणाला सरकारने पैसे द्यावेत' असं मागताना ही चार मुलं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. काम चांगलं असलं तरी करायला शिकलेले हात आहेत का, हे आधी विचारायला हवं.

त्याच २००९ च्या पॅकेजमध्ये आणखी एक भाग होता आणि त्याची चर्चा फार कमी होते. ५०० कोटींहून जास्त रक्कम सामाजिक घरांसाठी दिली गेली. त्यातून सुमारे १९,५०० नवीन घरं उभी राहिली आणि मोडकळीला आलेली हजारो सरकारी घरं दुरुस्त झाली. ट्रेडींना कामही मिळालं आणि ज्यांना घराची सगळ्यात जास्त गरज होती त्यांना छप्परही मिळालं. २०२० मध्ये केंद्राने हा मार्ग घेतला नाही. व्हिक्टोरियाने त्याच नोव्हेंबरात ५३० कोटींची बिग हाउसिंग बिल्ड योजना आणून १२,००० घरांचं लक्ष्य ठेवलं. मला निवडायला सांगितलं तर मी दर वेळी हाच मार्ग निवडेन.

आजची स्थिती २०२० च्या नेमकी उलट आहे. जुलै २०२४ पासून पाच वर्षांत १२ लाख घरं बांधायचं राष्ट्रीय लक्ष्य आहे आणि त्याला लागणारा वेग गाठता आलेला नाही. गिऱ्हाईक भरपूर आहे. तुटवडा आहे तो सुविधा असलेल्या जमिनीचा, परवानग्यांचा आणि कुशल हातांचा. अशा वेळी खरेदीदाराच्या हातात आणखी २५,००० ठेवणं म्हणजे त्याच प्लॉटवरची बोली वाढवणं. पहिलं घर घेणाऱ्याने पाच टक्केच डिपॉझिट भरलं तरी कर्जाला सरकारने हमी द्यायची, ही योजना ऑक्टोबर २०२५ पासून उत्पन्नाच्या मर्यादेशिवाय खुली झाली आहे, तिच्याबद्दलही मला हीच काळजी वाटते. त्याउलट घरबांधणीतल्या अॅप्रेंटिसना जुलै २०२५ पासून १०,००० डॉलर देण्याची योजना मला फार मोलाची वाटते, कारण त्यातून उद्याचा सुतार आणि इलेक्ट्रिशियन तयार होतो. नूतनीकरणासाठी पैसे द्यायचेच असतील तर कमी उत्पन्नाच्या घरांना इन्सुलेशन, फटी बुजवणं आणि म्हाताऱ्यांसाठी सोयी यांना द्यावेत. दीड लाखाची अट नको, नागरिकत्वाची नको, आणि तीन महिन्यांची धावपळ तर नकोच. दरवर्षी थोडे, पण सलग दहा वर्षं.

आता तुमच्या घराचं. अनुदानाची वाट पाहू नका. आलंच तर त्याच्यासोबत गर्दीही येईल आणि आज मिळतोय तो दर तेव्हा मिळणार नाही. सगळं एकदम काढण्यापेक्षा आधी छताचं इन्सुलेशन आणि जुनं वायरिंग तपासून घ्या. गॅसचा गीझर बदलायचा असेल तर व्हिक्टोरियन एनर्जी अपग्रेड्स या राज्याच्या योजनेतून हीट पंपावर (हवेतली उष्णता वापरून पाणी तापवणाऱ्या विजेच्या यंत्रावर) सूट मिळते, ती आत्ताही चालू आहे. मोठं काम देणार असाल तर डिपॉझिट पाच टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. आणि ते देण्याआधी विम्याचं प्रमाणपत्र तुमच्या नावाचं, तुमच्या पत्त्याचं, हातात घ्या. 'नंतर पाठवतो' असं म्हणणाऱ्या बिल्डरकडे सही करू नका. करारातले प्रोव्हिजनल सम (अंदाजाने धरलेल्या रकमा) आणि व्हेरिएशनची (कामातल्या बदलांची) कलमं इथे टाका, वैयक्तिक माहिती झाकून. मी आणि इथले बाकीचे जाणकार नजर घालू.