परदेशात राहून डेट्रॉइटमध्ये भाड्याने देण्यासाठी घर घ्यावे का, आणि त्यासाठी कर्ज कोण देते?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत राहत नसताना आणि तेथील नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसताना डेट्रॉइटमधले ८५,००० डॉलरचे घर भाड्याने देण्यासाठी घ्यावे का, जाहिरातीतला १७ टक्के परतावा खरा मानावा का आणि कर्ज मिळेल का. मी अमेरिकेबाहेर राहतो आणि २०१६ पासून त्याच परिसरात माझे एक लहानसे घर भाड्याने दिलेले आहे. मी करसल्लागार नाही; मात्र पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टींचे पैसे मी स्वतः भरलेले आहेत.

दरमहा १,२०० डॉलर भाडे म्हणजे वर्षाचे १४,४००, त्याला ८५,००० ने भागले की १७ टक्के येतात. हा हिशेब चुकीचा नाही, अर्धवट आहे. वर्षातून एक महिना घर रिकामे राहील असे धरा (मी तसेच धरतो, आणि दोनदा तेही कमी पडले), म्हणजे हाती येतील १३,२००. त्यातून प्रॉपर्टी मॅनेजरचे १० टक्के म्हणजे १,३२०, मालमत्ता कराचे समजा २,७००, विम्याचे १,५०० आणि दुरुस्तीचे १,५०० वजा केले की ६,१८० डॉलर उरतात, म्हणजे सात टक्क्यांच्या थोडे वर. नवा भाडेकरू आणला की मॅनेजर बहुधा अर्ध्या ते एका महिन्याचे भाडे वेगळे घेतो; ते यात धरलेले नाही.

आता आयकर, आणि परदेशी मालक सर्वांत जास्त फसतो तो येथेच. आपण काहीच केले नाही, तर अनिवासी परदेशी व्यक्तीच्या अमेरिकेतील भाड्यावर ३० टक्के कर लागतो, आणि तो खर्च वजा न करता एकूण भाड्यावर लागतो. वरच्या उदाहरणात हा कर ३,९६० डॉलर होतो आणि हाती उरतात २,२२०. याउलट, पहिल्या वर्षीच्या १०४०-एनआर या अनिवासींच्या आयकर विवरणपत्रासोबत कलम ८७१(डी) खालील निवड (भाडे हे व्यवसायाचे उत्पन्न मानावे अशी) लेखी कळवली आणि मॅनेजरने ३० टक्के कापू नयेत म्हणून त्याच्याकडे डब्ल्यू-८ईसीआय हा नमुना भरून दिला, तर कर खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर साध्या टप्प्यांनी लागतो, शिवाय इमारतीच्या किमतीवर (जमिनीच्या नव्हे) साडेसत्तावीस वर्षांचा घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षीची वजावट, मिळतो. इमारतीची किंमत ७०,००० धरली तर वार्षिक घसारा सुमारे २,५४५, करपात्र रक्कम सुमारे ३,६३५ आणि १० टक्के दराने संघीय कर ३६४ डॉलरच्या आसपास. घर तेच, भाडेकरू तोच, आणि फरक साडेतीन हजारांहून अधिक. मात्र विवरणपत्र मूळ मुदतीनंतर सोळा महिन्यांच्या आत दाखल झाले नाही, तर खर्चाची वजावट मागण्याचा हक्कच जाऊ शकतो, म्हणून नफा शून्य असला तरी ते भरावे. मिशिगन राज्याचा आणि डेट्रॉइट शहराचा आयकर यांहून वेगळा असतो.

कर्जाबाबत बोलायचे तर, बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांच्या निकषांवर मिळणारे सामान्य गृहकर्ज अमेरिकेत वास्तव्याचा परवाना नसलेल्याला मिळत नाही. आपल्यासाठी उरते ते डीएससीआर नावाचे कर्ज, ज्यात आपला पगार न पाहता घराचे भाडे हप्ता, मालमत्ता कर आणि विमा यांना पुरते का एवढे पाहिले जाते. भाडे १,२०० आणि या सर्वांची मासिक बेरीज ९६० असेल तर हे गुणोत्तर १.२५ होते. परदेशी अर्जदाराकडून किमतीचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा रोख आणि त्यावर काही महिन्यांच्या हप्त्यांएवढी शिल्लक मागणे नेहमीचे आहे. व्याजदर चढा असतो आणि पहिली काही वर्षे मुदतपूर्व फेडीवर दंड असतो. शिवाय बहुतेक कर्जदात्यांची एक किमान कर्जरक्कम ठरलेली असते आणि आपले घर बहुधा तिच्या खालीच राहील. स्वस्त घर रोखीने घ्यावे लागते, आणि पुढे आपल्याकडून घेणाऱ्यालाही त्यावर कर्ज मिळणे अवघड जाते, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

मग राहत्या देशातले स्वतःचे घर गहाण ठेवावे का, हा आपला पुढचा प्रश्न. त्यात भाडे डॉलरमध्ये आणि हप्ता दुसऱ्याच चलनात अशी जोडी जमते. पोलंडमध्ये झ्लॉटीत कमावणाऱ्या अनेकांनी कमी व्याजाच्या मोहाने स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जे घेतली होती. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस नॅशनल बँकेने युरोमागे १.२० फ्रँक ही मर्यादा अचानक सोडून दिली, फ्रँक महागला आणि झ्लॉटीत मोजलेली त्यांची थकबाकी एका दिवसात फुगली. आपल्या बाबतीत चलनांची दिशा उलटी असेल, धोका त्याच जातीचा आहे. मी तो पत्करला नाही, आणि राहते घर पणाला लावून आपणही पत्करू नये असे माझे मत आहे.

मालमत्ता कराचे वर धरलेले २,७०० हे केवळ उदाहरण आहे. विक्रेता दाखवतो ती जुनी पावती असते. मिशिगनमध्ये मालकी बदलली की पुढच्या वर्षी करपात्र मूल्याच्या वाढीवरची जुनी मर्यादा उठते आणि मालक स्वतः राहत नसेल तर शाळांसाठी करपात्र मूल्याच्या दर हजारी १८ डॉलरपर्यंत जादा कर लागतो. हा कर थकून तिसरे वर्ष लागले की काउंटी (जिल्हा प्रशासन) घर ताब्यात घेऊ शकते, आणि बिल जुन्या पत्त्यावर जात राहिले ही सबब चालत नाही. शहराकडे भाड्याच्या घराची नोंदणी करून, घर नियमांत बसते असे सांगणारे अनुपालन प्रमाणपत्रही घ्यावे लागते. १९७८ पूर्वीच्या घरांत, म्हणजे डेट्रॉइटमधल्या बहुसंख्य घरांत, शिसेयुक्त रंगाची तपासणी हा त्यातला खर्चिक भाग असतो.

विम्याचा धडा मला महागात पडला. एका जानेवारीत भाडेकरू गेल्यानंतर घर दोन महिन्यांहून अधिक रिकामे राहिले, मॅनेजरने घर गरम ठेवणारी यंत्रणा बंद केली, नळ गोठून फुटला आणि विमा कंपनीने रिकाम्या घराचे कलम दाखवून दावा नाकारला. पॉलिसीत ते कलम होतेच. मी वाचले नव्हते.

विकताना खरेदीदाराने फर्प्टा या परदेशी मालकांच्या स्थावर मालमत्तेवरील कराच्या कायद्याप्रमाणे नफ्याच्या नव्हे, तर विक्री किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून कर खात्याकडे भरायची असते. जास्तीची रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळते. तीन लाख डॉलरपर्यंतचे घर खरेदीदार स्वतः राहायला घेत असेल तर ही कपात टळते, पण आपल्यासारखे घर पुन्हा गुंतवणूकदारच घेण्याची शक्यता अधिक. मालकाचा मृत्यू झाला, तर अनिवासी परदेशी व्यक्तीला वारसा करातून केवळ ६०,००० डॉलरची सूट आहे आणि दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. ८५,००० चे घर त्या सूटीच्या वर जाते. एकट्याच्या नावाने एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढल्याने हा प्रश्न सुटतो असे समजू नका. उलट मालक आणि कंपनी यांच्यातील व्यवहारांची माहिती देणारा ५४७२ हा नमुना दरवर्षी भरावा लागतो आणि तो चुकला तर दंड २५,००० डॉलर, म्हणजे आपल्या दोन वर्षांच्या भाड्याच्या जवळपास.

त्या विक्रेत्याकडे अनुपालन प्रमाणपत्र, गेल्या बारा महिन्यांत भाडे बँकेत जमा झाल्याचा उतारा आणि नव्या मालकाला लागू होईल तो मालमत्ता कराचा आकडा, एवढे तीन कागद मागा. तो टाळाटाळ करू लागला तर हे घर सोडून द्या.