देवळात जा, पण मागे उभा राहू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. मकरपुऱ्याला नोकरी, मांजलपुरात खोली, डबा लावलेला, आणि रविवारी दिवसभर कुणाशी चकार शब्द नाही. म्हणून विचारतोस, मावशी, देवाधर्माकडे वळलो तर हे कमी होईल का? मीही लग्न केलं नाही आणि सगळी हयात बडोद्यातच काढली, तेव्हा विचारलंस ते योग्य माणसाला. थोडं कमी होईल. पण कुठलं थोडं, ते समजून घे.

रॉबर्ट वाइस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार मांडले. एकात हक्काचं माणूस नसतं, ज्याला रात्री अकराला फोन करून "आज साहेब उगाच बोलला" एवढंच सांगता येईल. दुसऱ्यात गोतावळा नसतो. भजनी मंडळ, सत्संग यांनी दुसरा प्रकार बराचसा निभतो. पहिला नाही. तशी आशा धरून गेलास तर दोन महिन्यांत देवावर रुसून बसशील.

आणि गोतावळाही नुसत्या दर्शनाने जमत नाही. चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या लोकांचा एक अभ्यास छापला. नेमाने प्रार्थनेला जाणारे जास्त समाधानी निघाले, पण मुख्यतः तिथे मित्र होते म्हणून. जाऊनही ज्यांची तिथे कुणाशी मैत्री नव्हती, त्यांना हा फायदा दिसला नाही. अभ्यास तिकडचा, पण वाचताना मला आपल्या दांडिया बाजारातले चेहरे आठवले. घंटा वाजवायची, तीर्थ घ्यायचं, चपला शोधायच्या, निघायचं. वर्षानुवर्षं येतात आणि त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

म्हणून काम मागून घे. आमच्याकडे गुरुवारी दत्तबावनी, म्हणजे दत्ताचं स्तोत्र, म्हणतात, त्याला एक विधुर गृहस्थ येतात. त्यांचं काम एकच, झांजांच्या दोऱ्या बघणं. विरलेली दोरी काढून नवी ओवतात आणि गाठ दातांत धरून आवळतात. एका गुरुवारी ते आले नाहीत, नेमकी त्याच दिवशी आरतीत एकाच्या हातातली झांज सुटून फरशीवर खणखणली, आणि सगळ्यांना एकदम त्यांची आठवण झाली. दोघं जण प्रसाद घेऊन तसेच त्यांच्या घरी गेले. तापाने पडून होते, घरात पाणी द्यायला कुणी नाही. त्यांची श्रद्धा किती खोल, हे आमच्यात कुणी त्यांना कधी विचारलेलं नाही.

बावनी पाठ नसली तरी चालेल. गुजराती आहे, पण रचणारे रंग अवधूत महाराज घरचे मराठी. तू लिहितोस, अवधूत नर्मदाकाठी नारेश्वरच्या रानात एकटे राहिले, मग मला का जमू नये? अरे, ते १९२५ साली आपल्या मर्जीने तिथे गेले, तुझी बदली झाली आहे! आणि पुढे त्यांची आईही तिथे त्यांच्याजवळ राहिली. लोकांना त्यांनी सांगितलं काय, तर "परस्परदेवो भव", एकमेकांत देव बघा. माणसं टाळायची असतील तर अवधूतांचा दाखला देऊ नकोस.

जाच होणार, तेही सांगून ठेवते. तिसऱ्या भेटीत "लग्न कधी?" येईलच, मराठीतून नाही तर गुजरातीतून. सत्यनारायणाला जोडपंच बसवतात. विधुर असेल तर कमरेला सुपारी खोचून तरी बसतो, तुझ्यामाझ्यासारख्यांच्या वाट्याला पंगतीत वाढणं. मला याचा अजून राग येतो, पण रागावूनही मी जाते. मात्र एकटेपणावर कुणी पत्रिका मागून ग्रहशांत करायला सांगितली, तर पाकीट बंद ठेव आणि तिथून उठ.

श्रद्धाच नसेल तर नाटक करू नकोस. मराठी वाङ्मय परिषदेच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला गेलास तरी हिशेब तोच.

झोप उडाली, अन्न जाईना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मात्र देऊळ पुरत नाही. मन खचलेल्यांसाठी टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. तो लाव आणि मलाही कळव, वेळ बघू नकोस.

राहिला एकटेपणाचा पहिला प्रकार, हक्काचं माणूस नसण्याचा. कोल्हापूरच्या ज्या मित्राशी दिवाळीपासून बोललो नाहीस असं लिहिलंयस, त्याला आधी फोन कर. काही विशेष कारण काढू नकोस, कारण शोधण्यातच महिने जातात.

या रविवारी बाराला जेवायला ये. आमटी-भात आणि अळूवड्या. खंडेराव मार्केटातून एक जुडी कोथिंबीर आणि चार लिंबं घेऊन ये, आणि लिंबं पातळ सालीची बघून घे.

तुझी,
मावशी