जीपीए दोनच्या वर असूनही आर्थिक मदत थांबली, आता काय करावे?

पत्र: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. मुलीचे विद्यापीठाचे पहिले वर्ष मे महिन्यात संपले. तिला पुढे फार्मसीला जायचे आहे. ऑक्टोबरमध्ये सांगलीला माझे सासरे वारले आणि पतींना दीड महिना तिकडे राहावे लागले. मी रुग्णालयात रात्रपाळी करते, त्यामुळे धाकट्या मुलाचे सगळे तिच्यावर पडले. त्या सेमिस्टरला तिने कॅल्क्युलस मध्येच सोडले आणि केमिस्ट्रीत ती नापास झाली. दुसऱ्या सेमिस्टरला कॅल्क्युलस पूर्ण झाले, पण औषधाच्या दुकानातली आठवड्याला २५ तासांची नोकरी सांभाळताना पुन्हा घेतलेली केमिस्ट्री मध्येच सोडावी लागली. आता ईमेल आला आहे की तिची आर्थिक मदत बंद झाली. तिचा जीपीए, म्हणजे सर्व विषयांच्या श्रेणींची सरासरी, २.०५ आहे, मग असे का? आणि आधी ताकीद का मिळाली नाही? ऑफिस आमच्याशी बोलायलाही तयार नाही. अपील तिच्या वडिलांनी लिहून द्यावे का, की तिने एक वर्ष घरी थांबावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. आपल्या मुलीची परिस्थिती अवघड असली तरी हाताबाहेर गेलेली नाही, हे आधी सांगतो. आपण सोबत पाठवलेली गुणपत्रिका मी बारकाईने पाहिली. पुढच्या एका सेमिस्टरमध्ये ती पुन्हा निकषांत बसू शकते, मात्र त्यासाठी येत्या काही आठवड्यांत नेमके काय करायचे आणि काय टाळायचे हे आपल्या घरात सर्वांना नीट समजलेले असले पाहिजे.

अमेरिकेत केंद्र सरकारची शैक्षणिक मदत, म्हणजे पेल ग्रँट (परत करावे न लागणारे अनुदान), सरकारी विद्यार्थी कर्ज, वर्क-स्टडी (शिकताना करायची सरकारी मदतीची अर्धवेळ नोकरी) आणि पालकांच्या नावे मिळणारे पॅरेंट प्लस कर्जसुद्धा, चालू राहण्यासाठी विद्यार्थ्याची ‘सॅटिस्फॅक्टरी अकॅडमिक प्रोग्रेस’, म्हणजे समाधानकारक शैक्षणिक प्रगती, असावी लागते. ऑफिसात तिला ‘सॅप’ म्हणतात. या निकषाला तीन बाजू आहेत आणि बहुतेक पालकांना त्यांतली एकच ठाऊक असते, ती म्हणजे जीपीए. नियमानुसार दुसरे वर्ष संपेपर्यंत सरासरी किमान सी श्रेणीची हवी, आणि अनेक महाविद्यालये पहिल्या वर्षापासूनच २.० मागतात. आपली मुलगी येथे उत्तीर्ण आहे. तिसरी बाजू कमाल कालावधीची आहे: १२० क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजण्याचे एकक) पदवीसाठी दीडपट, म्हणजे १८० क्रेडिटपर्यंतच प्रयत्न करता येतात. तिचे आजवर २८ क्रेडिटचेच प्रयत्न झाले आहेत, त्यामुळे ती चिंता आज नाही. अडले आहे ते मधल्या बाजूवर, तिला ‘पेस’ म्हणतात. आजवर जितक्या क्रेडिटचा प्रयत्न केला त्यांपैकी किती पूर्ण झाली, त्याचे हे प्रमाण असते. दीडपट मुदतीत पदवी पूर्ण व्हायची तर ते सुमारे ६७ टक्के असावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी हाच आकडा लावला जातो.

आता तिची गुणपत्रिका पाहू. पहिल्या सेमिस्टरला १४ क्रेडिट होती: कॅल्क्युलस ४, केमिस्ट्री ४, लेखन ३ आणि मानसशास्त्र ३. त्यांपैकी शेवटची दोनच पूर्ण झाली, म्हणजे ६. दुसऱ्या सेमिस्टरलाही १४ क्रेडिट होती, त्यांतली कॅल्क्युलस, इतिहास आणि समाजशास्त्र मिळून १० पूर्ण झाली आणि केमिस्ट्रीपुढे डब्ल्यू, म्हणजे विषय मध्येच सोडल्याची नोंद (विथड्रॉ), लागला. एकूण प्रयत्न २८, पूर्ण १६, प्रमाण ५७ टक्के. डब्ल्यू जीपीएत धरला जात नाही, म्हणून सरासरी २.०५ राहिली, पण पेसच्या हिशेबात डब्ल्यू आणि एफ (नापास) सारखेच: दोन्ही ठिकाणी प्रयत्न मोजला जातो आणि हाती काही लागत नाही. अपूर्ण राहिलेल्या विषयाचेही, श्रेणी लागेपर्यंत, तसेच होते. तिच्या पत्रिकेत केमिस्ट्रीचे चार क्रेडिट आठ होऊन बसले आहेत आणि पूर्ण झालेल्या रकान्यात त्यांचे शून्य आहे.

महाराष्ट्रात शिकलेल्या पालकांना हे पचनी पडत नाही, याचे कारण मला कळते. आपल्या वेळी विषय राहिला तर एटीकेटी मिळायची, पुढच्या परीक्षेत तो सुटला की प्रश्न मिटायचा, आणि ‘नापास होण्यापेक्षा ड्रॉप घेतलेला बरा’ हा सल्ला शहाणपणाचा होता. येथे नापास विषय पुन्हा घेऊन उत्तीर्ण झाल्यावर महाविद्यालय कदाचित जीपीएतून जुनी श्रेणी काढेल, पण जुना प्रयत्न पेसमधून काढणार नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीच्या ठरलेल्या दिवसांत विषय काढला तर तो पत्रिकेवर येतच नाही. त्या तारखेनंतर काढला की डब्ल्यू लागतो आणि तो कायम राहतो. ही तारीख विद्यापीठाच्या शैक्षणिक वेळापत्रकात छापलेली असते आणि ती मुलीला तोंडपाठ असायला हवी.

आपण असेही विचारले आहे की आधी ताकीद का मिळाली नाही. जी महाविद्यालये दर सेमिस्टरला प्रगती तपासतात त्यांना एका सेमिस्टरची ताकीद देऊन मदत चालू ठेवण्याची मुभा असते, आणि त्यासाठी अपील लागत नाही. जी वर्षातून एकदाच तपासतात त्यांना ही मुभा नाही. तेथे निकष चुकला की मदत थांबते आणि मग अपील हाच मार्ग उरतो. आलेल्या ईमेलमधील भाषेवरून आपले विद्यापीठ वार्षिक तपासणी करणारे दिसते. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: डीन किंवा विभाग ‘विद्यार्थिनीची शैक्षणिक स्थिती उत्तम आहे’ असे सांगत असले तरी तो निर्णय वेगळा आणि फायनान्शियल एड ऑफिसचा वेगळा. एकाच्या पत्राने दुसऱ्याचे काम होत नाही.

ऑफिस आपल्याशी बोलत नाही, यात उद्धटपणा नाही. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार उच्च शिक्षणात प्रवेश घेतल्यावर शैक्षणिक नोंदींवरचे हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातात. तिने संमतीपत्र भरून दिले तर ते आपल्याशी बोलू शकतात आणि ते भरायला हरकत नाही. पण अपील मात्र तिनेच लिहावे, असे मी आग्रहाने सांगतो. तिच्या वडिलांनी लिहिलेले पत्र भाषेने सरस असेल, तरी ते वाचणाऱ्या समितीला वर्गात बसणारी व्यक्ती काय म्हणते हे जाणून घ्यायचे असते. आपण कागदपत्रे जमवून द्यावीत आणि मसुदा एकदा वाचावा. वाक्ये तिचीच राहू द्यावीत.

नियमाने अपिलात दोनच गोष्टी विचारल्या जातात: निकष का चुकला, आणि आता असे काय बदलले आहे की पुढच्या तपासणीत तो चुकणार नाही. नातेवाइकाचा मृत्यू हे कारण नियमातच नमूद आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नासाठी तीन-चार सरळ वाक्ये पुरतील: आजोबा केव्हा वारले, वडील किती काळ बाहेर होते, आईची रात्रपाळी, धाकट्या भावाची शाळा आणि जेवण कोणाकडे होते. सोबत मृत्यूचा दाखला जोडावा. सांगली महानगरपालिकेच्या दाखल्यावर मराठीबरोबर इंग्रजी मजकूर असेल तर भाषांतर लागू नये. केवळ मराठी असेल तर भाषांतर जोडा. विमानाच्या तिकिटांची प्रतही ठेवा, कारण वडील घरी नव्हते हे त्यावरून दिसते. दुसऱ्या सेमिस्टरला मात्र शोकाचे कारण पुढे ओढू नये. तेव्हा अडचण नोकरीच्या तासांची होती आणि ती तशीच लिहावी. समितीतली माणसे अशी पत्रे नेहमी वाचतात, तारखा जुळत नसल्या की त्यांच्या लगेच ध्यानात येते.

खरा भर दुसऱ्या प्रश्नावर हवा, आणि बहुतेक अपिले येथेच कच्ची राहतात. ‘यापुढे मी खूप मेहनत करीन’ हे वाक्य मनापासून लिहिलेले असले तरी त्याने काहीच बदलत नाही, कारण आपली मुलगी आधीही मेहनतच करत होती. बदल आपल्या घरात व्हायला हवा आणि तो दाखवता यायला हवा. वडील परत आले आहेत, मग भावाची संध्याकाळची जबाबदारी आता कोणाची? नोकरी २५ तासांवरून दहा तासांवर आणता येईल का आणि तसे दुकानाच्या व्यवस्थापकाकडून लिहून मिळेल का? तिच्या पगारातून घरखर्चाचा काही भाग चालत असेल तर ते आपण तिच्याशी मोकळेपणाने बोला. वर्षभर तिने हे ओझे तक्रार न करता वाहिले आहे, आणि ते उतरवण्याचे काम तिच्यावरच सोपवणे न्यायाचे होणार नाही. २०२५-२६ या वर्षासाठी पेल ग्रँटची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. आपल्या वाट्याला त्यापेक्षा कमी येत असेल, तरी ती आणि कर्ज दोन्ही गमावून मिळवलेला पगार घराला परवडत नाही, हे कागदावर मांडून पाहा.

पुढच्या सेमिस्टरला किती विषय घ्यावेत याबद्दल माझे मत ठाम आहे. वडिलांना वाटते की तिने १५ क्रेडिट घेऊन मागचे भरून काढावे. तिने १२ घ्यावीत, आणि बाराच्या बारा पूर्ण करावीत. १२ क्रेडिटला ती पूर्णवेळ विद्यार्थिनीच राहते. सर्व पूर्ण झाली तर प्रमाण ४० पैकी २८, म्हणजे ७० टक्के होते आणि ती निकषात येते. १५ घेऊन त्यांतला एक तीन क्रेडिटचा विषय पूर्ण झाला नाही, तर ४३ पैकी २८, म्हणजे ६५ टक्के होतात आणि तेच १२ क्रेडिट पूर्ण करूनही मदत पुन्हा थांबते. अपील मंजूर झाले तर तिला एका सेमिस्टरचे प्रोबेशन मिळेल, तेवढ्या काळात मदत चालू राहील आणि शेवटी पुन्हा मोजणी होईल. ज्यांना एका सेमिस्टरमध्ये निकष गाठणे शक्य नसते त्यांच्यासाठी महाविद्यालय लांब मुदतीची शैक्षणिक योजना आखते. तिला तिची गरज पडू नये.

या बारा क्रेडिटांत केमिस्ट्री नसावी, असे मी सुचवतो. चार क्रेडिटचा तोच विषय तिसऱ्यांदा हातचा गेला तर प्रमाण साठ टक्क्यांवर येऊन थांबेल, आणि ज्या सेमिस्टरवर सगळे अवलंबून आहे त्यात हा धोका पत्करू नये. नापास झालेला विषय पुन्हा घ्यायला सरकारी मदत मिळते, मात्र एकच विषय किती वेळा घेता येईल यावर विद्यापीठाची स्वतःची मर्यादा असू शकते, ती तिने विचारून घ्यावी. केमिस्ट्री वसंत सेमिस्टरला, पहिल्या आठवड्यापासून ट्यूटरिंग सेंटरमध्ये जागा घेऊन करावी. यामुळे फार्मसीचा क्रम एखाद्या वर्षाने पुढे जाईल, तो जाऊ द्यावा. मात्र फार्मसी तिला स्वतःला हवी आहे की औषधाच्या दुकानातल्या ओळखीमुळे ती घरात ठरली आहे, हे तिला एकदा शांतपणे विचारा. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र तिने इतक्या धावपळीतही सोडले नाही. शाखा बदलायची असेल तर ती लवकर बदलावी, कारण नव्या पदवीला न लागणारे क्रेडिट काही महाविद्यालये मोजणीतून वगळतात, काही वगळत नाहीत, आणि प्रयत्नांची मर्यादा तर पुढे सरकतच राहते. हे अपिलाच्या आधी अकॅडमिक ॲडव्हायझरशी बोलून ठरवावे आणि त्यांच्या सहीचा विषयांचा तक्ता अपिलाला जोडावा.

एक वर्ष घरी थांबण्याचा विचार मनातून काढून टाका. वर्षभर थांबल्यावरही २८ पैकी १६ तसेच राहतात, आणि नुसते थांबल्याने मदत परत सुरू होत नाही. शिवाय अर्ध्या वेळेपेक्षा कमी शिक्षण झाले की सरकारी कर्जाची सहा महिन्यांची सवलत सुरू होते आणि त्यानंतर हप्ते द्यावे लागतात. थांबायचेच असेल तर ते तिच्या प्रकृतीसाठी किंवा मनाच्या स्वास्थ्यासाठी असावे. तसे काही असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, कारण मग अपिलाची मांडणीही वेगळी होईल.

अपील फेटाळले गेले तर विद्यापीठाचा निर्णय अंतिम असतो, शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. तेव्हाही मार्ग उरतो: स्वखर्चाने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात विषय करून ते क्रेडिट वर्ग करून घेणे. स्वीकारलेली क्रेडिट प्रयत्न आणि पूर्ण अशा दोन्ही बाजूंनी धरली जातात, त्यामुळे नऊ क्रेडिट झाली की ३७ पैकी २५ होऊन ती जेमतेम निकषात बसेल. कोणते विषय स्वीकारले जातील हे आपल्या विद्यापीठाकडून आधी लेखी घ्यावे. निकाल येण्यापूर्वी खासगी बँकेच्या कर्जावर सही करू नका. ऑगस्टच्या बिलाची तारीख आधी आली तर बर्सरकडे, म्हणजे विद्यापीठाच्या फी घेणाऱ्या कार्यालयाकडे, हप्त्यांची योजना मागावी आणि अपील प्रलंबित असल्याचे त्यांना लेखी कळवावे, म्हणजे नोंदणी रद्द होण्याची वेळ सहसा येत नाही.

मंजुरी आल्यावर तिने पोर्टलवरील मदतीचा तक्ता उघडून पेल, कर्ज आणि वर्क-स्टडी तिन्ही परत दिसतात का ते पाहावे. न्यू जर्सीच्या राज्य अनुदानाचे नियम स्वतंत्र असतात, त्यासाठी त्याच भेटीत वेगळी चौकशी करावी. अपिलाची अंतिम तारीख आजच ईमेलमध्ये शोधा आणि तिच्या निदान एक आठवडा आधी कागदपत्रे पोहोचतील असे पाहा.