पाश्चात्त्य देशांत फेमिनिझमचं काम आता संपलंय का?

अजिबात नाही. लोक म्हणतात तिकडे बायकांना सगळं कधीच मिळालंय, पण स्वित्झर्लंडमध्ये देशपातळीवर मतदानाचा हक्क मिळाला १९७१ ला, तेव्हा आपल्याकडे इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या! तिथल्या एका कँटनमध्ये (म्हणजे राज्यात) तर १९९० ला कोर्टाने आदेश दिला तेव्हा कुठे लोकल मतदान करता आलं. आणि मिळालेलं टिकतंच असंही नाही, अमेरिकेत १९७३ पासून असलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून घेतला आणि मग अनेक राज्यांनी बंदी घातली, मला तरी पुढची खरी लढाई हीच वाटते. फ्रान्सने त्यातून धडा घेऊन २०२४ मध्ये गर्भपाताचं स्वातंत्र्य थेट संविधानातच घातलं. आइसलँडमध्ये २०२३ ला बायकांनी परत एक दिवसाचा संप केला, बायका-पुरुषांच्या पगारातल्या फरकाविरुद्ध, त्यात पंतप्रधान बाईसुद्धा होत्या.